शेतकऱ्याच्या घरी मांजर : पाळावे की पाळू नये ?

सुगी संपते, धान्याची पोती घरात येऊन पडतात आणि त्यांच्यापाठोपाठ उंदीरही येतात. रात्री माळ्यावर खडबड सुरू झाली आणि पोत्यांच्या कोपऱ्यांतून दाणे सांडू लागले, की घरातील कोणीतरी हमखास म्हणते, ‘एखादे मांजर आणावे.’ सूचना सोपी वाटते. मांजर विकत घ्यावे लागत नाही. शेजारच्या घरी पिले झालेली असतातच. परंतु शेतकऱ्याचे घर रिकामे नसते. दारात कुत्रा असतो, परसात कोंबड्या असतात, गोठ्यात गाई-म्हशी व शेळ्या असतात, घरात लहान मुले असतात. या सर्वांच्या मध्ये नव्याने येणारा प्राणी बारा ते पंधरा वर्षे राहू शकतो. म्हणून बैल घेताना जसा विचार केला जातो तसाच, थोड्या प्रमाणात का होईना, मांजर आणतानाही करणे हिताचे आहे. हा विचार कोणत्या क्रमाने करावा हे पुढे दिले आहे.

उंदरांमुळे होणारे नुकसान

घरात आढळणारा उंदीर दिवसाला साधारणतः २० ग्रॅम धान्य खातो. घरात असे २० उंदीर असतील तर रोज ४०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे १४६ किलो धान्य त्यांच्या पोटात जाते. याखेरीज लेंड्या, मूत्र व केस यांनी बिघडलेले धान्य, कुरतडलेली पोती आणि पाडलेली बिळे यांचा हिशेब वेगळाच. मादी गाभण राहिल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेतात सहा ते आठ पिले देते. ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. यावरून थोडे उंदीर दुर्लक्षिल्यास काय होते याची कल्पना यावी.

उंदरांपासून होणारे रोगही विसरून चालणार नाही. भातशेतीच्या भागात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून होतो. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगने महाराष्ट्रात केलेला संहार सर्वश्रुत आहे, आणि १९९४ साली बीड जिल्ह्यात व सुरत शहरात त्याच रोगाच्या भीतीने पुन्हा धावपळ झाली. तेव्हा उंदरांचा बंदोबस्त करावयाचा याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की त्या कामी मांजराचा उपयोग किती.

मांजर काय करू शकते आणि काय करू शकत नाही

मांजराच्या उपयोगाविषयीचा विचार आपल्याकडे जुना आहे. प्लेगच्या काळात, १९०८ च्या सुमारास, अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी असे मत मांडले होते, की ज्या वस्तीत मांजरे पुष्कळ, तेथे प्लेगचा उपद्रव कमी. पुढील काळात मांजरालाही प्लेग होतो व त्याच्यापासून माणसाला लागण होऊ शकते हे कळून आले. म्हणून रोगनिवारणासाठी केवळ मांजरावर विसंबणे आज योग्य मानले जात नाही.

धान्यरक्षणाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त माहिती इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळते. त्यांनी शेतावरील घरे व कोठारे यांमध्ये मांजरांच्या कामाचे निरीक्षण केले. ज्या वाड्यांतील उंदीर आधी इतर उपायांनी नाहीसे करण्यात आले होते, आणि जेथे मांजरांना रोज खाणे मिळत असल्याने ती घराजवळ राहत होती, तेथे मांजरांनी बाहेरून येणाऱ्या उंदरांना पुन्हा ठाणे मांडू दिले नाही. परंतु जेथे उंदरांचा आधीच सुळसुळाट झाला होता, ती जागा केवळ मांजरांनी मोकळी केल्याचे आढळले नाही.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. मांजर बिळात शिरू शकत नाही. ते प्रामुख्याने लहान चिचुंदरीएवढे उंदीर व उंदरांची पिले पकडते. पूर्ण वाढलेला मोठा उंदीर उलटून चावा घेतो, म्हणून पुष्कळशी मांजरे त्याच्या वाटेला जात नाहीत. मोठ्या घुशीपुढे तर बहुतेक मांजरे माघार घेतात. उंदरांची वीण मांजराच्या शिकारीपेक्षा वेगाने चालू असेल तर घरात मांजरही राहते आणि उंदीरही राहतात.

तात्पर्य, मांजर हा राखणदार आहे. शत्रू घरात शिरण्यापूर्वी राखणदार कामास येतो. शिरून बसलेल्या शत्रूला हुसकावण्याचे काम घरधन्यालाच करावे लागते. मांजर पाळावे की नाही, याचा निर्णय या एका गोष्टीवरून सुरू करावा.

मांजरापूर्वी करावयाची कामे

१. धान्य भरण्यापूर्वी कणगी, कोठी व माळा स्वच्छ करावा. जुनी पोती उन्हात घालून झटकावीत.

२. भिंतींतील व जमिनीतील बिळे खडी व सिमेंट यांनी बुजवावीत. नुसत्या मातीने बुजविलेले बीळ उंदीर एका रात्रीत पुन्हा उकरतात. दाराखालच्या फटीवर पत्र्याची पट्टी ठोकावी.

३. शक्य असल्यास धान्य पत्र्याच्या कोठीत साठवावे. पोती ठेवावयाची असल्यास लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट दूर रचावीत, म्हणजे मागे पाहता येते व झाडता येते.

४. घरात असलेले उंदीर पिंजरे व चाप लावून पकडावेत. पहिले दोन-तीन दिवस पिंजरा उघडा ठेवून त्यात खाद्य ठेवावे. उंदीर सरावले म्हणजे मग तो लावावा. घरात एकच पिंजरा ठेवण्याऐवजी एकाच वेळी अनेक पिंजरे भिंतीच्या कडेने लावल्यास लवकर परिणाम दिसतो.

ही चार कामे झाल्यावर पुष्कळ घरांत असे आढळून येईल, की मांजराची निकड राहिलेली नाही. कामे होऊनही आजूबाजूच्या शेतांतून, गंजीतून अथवा शेजारच्या पडक्या घरातून उंदीर येत राहतात, अशा घरी मांजर खरोखर उपयोगी पडते.

घरातील इतर जनावरांचा विचार

कुत्रा : लहानपणापासून मांजराजवळ वाढलेला कुत्रा मांजराला सहसा त्रास देत नाही. परंतु ससे, मुंगूस किंवा परकी मांजरे यांच्या पाठीमागे लागून त्यांना मारण्याची सवय लागलेल्या कुत्र्याच्या घरी मांजर आणणे म्हणजे त्याला मरणाच्या दारी आणणे होय. कुत्रा शांत असल्यास नवे मांजर प्रथम आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवावे. मांजराच्या अंगाखालचे फडके कुत्र्याला हुंगू द्यावे. नंतर कुत्र्याला साखळीत ठेवून दोघांची रोज थोडा वेळ दृष्टभेट घडवावी. मांजराला चढून बसता येईल अशी उंच जागा, उदाहरणार्थ एखादी फळी, मोकळी ठेवावी. दोघांची खाण्याची भांडी निराळी व दूर असावीत.

कोंबड्या : पूर्ण वाढलेल्या कोंबडीला मांजर सहसा हात लावत नाही, पाठीमागे लागलेच तर खुडूक कोंबडी त्याला पळवून लावते. धोका पिलांना असतो. पहिले सहा ते आठ आठवडे पिले मजबूत खुराड्यात किंवा डालग्याखाली ठेवावीत. खुराड्याची जाळी बारीक, सुमारे एक सेंटिमीटर छिद्रांची असावी. मोठ्या छिद्रांतून मांजर पंजा घालून पिलू ओढते. एकदा पिले खाण्याची चटक लागलेल्या मांजराची ती सवय मोडणे फार अवघड जाते. ज्या घरी पिले मोकळी सोडूनच कोंबडीपालन चालते व खुराडे करण्याची तयारी नाही, त्या घरी मांजर आणू नये.

शेळ्या, मेंढ्या व गुरे : या बाबतीत थोडी सविस्तर माहिती असणे आवश्यक आहे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परोपजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो. मांजराला तो उंदीर अथवा कच्चे मांस खाल्ल्याने मिळतो. पहिल्यांदा लागण झाल्यावर एक ते तीन आठवडे त्याची बीजे मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, बाहेर एक ते पाच दिवसांत ती रोग देण्याजोगी होतात आणि ओलसर मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. अशा विष्ठेने दूषित झालेला चारा किंवा खुराक गाभण शेळी-मेंढीच्या खाण्यात आला तर ती गाभडते किंवा मेलेली, अशक्त करडे देते.

यावरून दोन गोष्टी पाळाव्यात. एक, खुराकाचे पोते, पेंड व चुणी झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि कडब्याच्या गंजीत मांजराला विऊ देऊ नये. दुसरे, बीजे टाकणारी मांजरे मुख्यतः लहान वयाची असतात. म्हणून एक प्रौढ, नसबंदी केलेले मांजर गोठ्याजवळ असणे हे दर वर्षी नवी पिले हिंडण्यापेक्षा पुष्कळ कमी धोक्याचे आहे. शेळ्या गाभडण्याची कारणे इतरही असतात. त्यामुळे कळपात एकापेक्षा अधिक शेळ्या गाभडल्यास सारा दोष मांजराला न देता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून तपासणी करून घ्यावी, आणि पडलेला गर्भ उघड्या हातांनी उचलू नये.

पिंजऱ्यातील पक्षी : देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तो प्रश्न उद्भवू नये. कबुतरे पाळली असल्यास त्यांची खुराडी उंच व जाळीबंद असावीत.

घरातील माणसांचा विचार

कुत्र्याप्रमाणे मांजराच्या चाव्यातून व ओरखड्यातूनही पिसाळी रोग, म्हणजे रेबीज, होऊ शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हा रोग एकदा प्रकट झाला की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळीच लस घेतल्यास मात्र तो टळतो. म्हणून मांजराला वयाच्या तीन महिन्यांनंतर रेबीजची लस टोचावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याप्रमाणे दर वर्षी टोचत राहावे. घरातील कुत्र्यालाही ती दिलेली असावी. मांजर चावल्यास अथवा त्याच्या नखाने रक्त आल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. जखमेवर चुना, हळद किंवा तिखट लावू नये.

वर सांगितलेला टोक्सोप्लाझ्मा गरोदर स्त्रीच्या गर्भालाही अपाय करू शकतो. घरात जुने मांजर असेल तर या कारणास्तव त्याला हाकलून देण्याची गरज नाही. मात्र गरोदर स्त्रीने मांजराची घाण काढू नये, ते काम रोजच्या रोज दुसऱ्या कोणी करावे. परसातील मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत. भाजी धुऊन घ्यावी व मांस पूर्ण शिजवावे. घरात बाळंतपण व्हावयाचे असताना नवे पिलू आणण्याचा बेत मात्र पुढे ढकलावा.

मुलांना मांजराच्या अंगावरून नायट्याची लागण होते. मांजराच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसल्यास मुलांना दूर ठेवून उपचार करावा. मांजर आडवे गेल्याने काम बिघडते ही समजूत निराधार आहे. तिचा या निर्णयाशी काहीही संबंध नाही.

विष व औषधे यांबाबत सावधगिरी

उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड अथवा ब्रोमाडिओलोन यांची आमिषे वापरली जातात. विष खाऊन मेलेला किंवा मंद झालेला उंदीर मांजराच्या हाती सहज लागतो आणि ते विष मांजराच्या पोटात जाते. विशेषतः ब्रोमाडिओलोनने उंदीर काही दिवसांनी मरतो. त्या अवधीत तो फिरत असतो. म्हणून मांजर आणि विष ही दोन्ही एका घरात एकाच वेळी असू नयेत. विष वापरले असेल तर उरलेली आमिषे उचलावीत, मेलेले उंदीर खोल पुरावेत, आणि मेलेले उंदीर सापडणे थांबल्यानंतर दोन-तीन आठवडे जाऊ देऊन मगच मांजर आणावे. गावात सामुदायिक उंदीर निर्मूलन मोहीम हाती घेताना मांजरे असलेल्या घरांना आधी सूचना देणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

शेतकऱ्यांच्या घरी घडणारा दुसरा अपघात गोचिडांच्या औषधाचा. गुरांच्या अंगावरील गोचीड मारण्यासाठी मिळणारी परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधे मांजराला विषासमान आहेत. गुरांना फवारल्यानंतर उरलेले पाणी पिसवांसाठी म्हणून मांजराच्या अंगावर कधीही घालू नये. त्याचप्रमाणे तापासाठी माणसे घेतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते. अर्धी गोळीसुद्धा देऊ नये. कोणतेही औषध पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे.

मांजर कसे निवडावे व कसे सांभाळावे

पिलू आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नये. शिकार करण्याची कला पिले आईपासून शिकतात. म्हणून उंदीर धरणाऱ्या मांजरीचे पिलू मिळाल्यास उत्तम. माणसांच्या सहवासात वाढलेले, डोळे स्वच्छ, कान निर्मळ व अंगाने भरलेले पिलू निवडावे.

मांजराला उपाशी ठेवल्यास ते जास्त उंदीर धरते, हा समज चुकीचा आहे. पोट भरलेले मांजरही शिकार करते. उपाशी मांजर मात्र घर सोडून दुसरीकडे जाते किंवा शिंक्यावरच्या दुधाकडे वळते. नुसत्या दूध-भाकरीवर मांजराचे पोषण होत नाही. ते मूलतः मांसाहारी असून मांसातील काही घटकांच्या अभावी त्याची दृष्टी व हृदय यांवर परिणाम होतो. शिजवलेले अंडे, मासळीचे तुकडे, कमी खारट सुकट किंवा मांसाचे अवशेष अधूनमधून द्यावेत. काही मोठ्या मांजरांना दुधाने हगवण लागते. त्यांना पाणीच द्यावे. कांदा व लसूण घातलेले कालवण देऊ नये. शाकाहारी घरात हे खाणे देणे रुचणार नसेल, तर मांजर न पाळणे अधिक प्रामाणिकपणाचे होय.

सर्वांत महत्त्वाची बाब नसबंदीची. मांजरी पाच-सहा महिन्यांच्या वयात माजावर येऊ शकते, सुमारे ६३ ते ६५ दिवसांत विते आणि एका वेतात तीन ते पाच पिले देते. वर्षातून दोन वेते झाली तरी आठ-दहा पिलांचा प्रश्न उभा राहतो. मग ती पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडली जातात. असे करणे निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे प्राण्याचे हाल होतील अशा रीतीने त्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. सोडलेली पिले जगलीच तर रानातील पक्षी, सरडे व दुसऱ्यांच्या कोंबड्यांची पिले यांवर गुजराण करतात. म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया करून घ्यावी. बोक्याचीही शस्त्रक्रिया करावी. त्यामुळे त्याचे भटकणे व मारामाऱ्या कमी होतात, तो घराजवळ राहतो आणि राखणीचे काम अधिक चांगले करतो. ठरावीक मुदतीने जंतांचे औषध द्यावे.

एक उदाहरण

समजा, एका कुटुंबात ज्वारीची बारा पोती माळ्यावर आहेत. दारात शांत स्वभावाचा कुत्रा आहे, दहा कोंबड्यांपैकी एकीखाली नुकतीच पिले निघाली आहेत, चार शेळ्यांपैकी दोन गाभण आहेत आणि सुनेला पाचवा महिना आहे. सासूबाई म्हणतात की मांजर आणावे, सुनेला भीती वाटते. या घरी काय करावे ?

आज मांजर आणू नये. प्रथम बिळे बुजवावीत, पोती फळ्यांवर घ्यावीत, पिंजरे लावून उंदीर कमी करावेत. विषाचा वापर टाळावा. कोंबडीच्या पिलांसाठी जाळीचे खुराडे तयार करावे व कुत्र्याला लस टोचून घ्यावी. चार-पाच महिन्यांनी सून बाळंत होईल, शेळ्या वितील, पिलेही मोठी होतील. त्यानंतरही उंदीर बाहेरून येत असतील तर लस दिलेले, नसबंदी झालेले किंवा लवकरच करून घेता येईल असे एकच मांजर आणावे. अशा रीतीने सासूबाईंचे म्हणणेही राहते व सुनेची काळजीही दूर होते.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. बिळे बुजविणे व साठवणीची सुधारणा झाली आहे काय ?
२. त्यानंतरही उंदीर येतात काय ?
३. कुत्रा मांजराला सहन करील काय ?
४. कोंबड्यांची पिले व जनावरांचा खुराक झाकून ठेवण्याची सोय आहे काय ?
५. घरात कोणी गरोदर आहे काय ?
६. लस, नसबंदी व रोजचे खाणे यांची जबाबदारी घरातील कोण घेणार ?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आणि पहिल्या चार प्रश्नांचे ‘होय’ असेल, व सहाव्या प्रश्नाला घरातील एका व्यक्तीचे नाव पुढे येत असेल, तर मांजर अवश्य आणावे. नाव पुढे येत नसेल तर पिंजऱ्यांवरच काम भागवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वीच्या बैठकांत हे प्रश्न शेतकरी बंधु-भगिनींपुढे मांडावेत. बैठकीस स्त्रियांना आवर्जून बोलवावे. कारण धान्य, कोंबड्या आणि मांजर या तिन्हींची देखभाल बहुतेक घरांतून त्यांच्याच हाती असते.